दोन्ही दगड फसफसले

काकांनी टेबलावर दोन दगड ठेवले. “दोन्ही चुनखडी, साहेब. मी स्वतः बघून आलोय.” बघून म्हणजे बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड ओतून! मध्य प्रदेशातल्या बाग गावाजवळच्या त्यांच्या जमिनीतला दगड चुन्याच्या भट्टीला चालेल, एवढं त्यांना लिहून हवं होतं. आमच्या ज्युनिअरने सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला, तर खरंच दोन्ही चुनखडीसारखे मस्त फसफसले. रंगही सारखाच, पिवळट-तांबूस. हाताला दोन्ही खरखरीत. तरी ऑफिसात बसून सही ठोकणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच इंदूर सोडलं.

जागेवर नाल्यातून वर चढत गेलो. त्या भागात थरांचा क्रम ठरलेला: तळाला निमार वालुकाश्म, त्यावर गोळ्यागोळ्यांची नोड्यूलर चुनखडी, मग कोरलाइन चुनखडी आणि डोक्यावर आपला नेहमीचा काळा बेसाल्ट. बागची लेणी कोरलीत ती या वालुकाश्मातच. काकांचा एक दगड नाल्यातला निघाला, दुसरा माथ्याजवळचा.

ज्युनिअरला म्हटलं, फेस ओसरू दे, मग काय उरतं ते बघ. नाल्यातल्या दगडावर थेंबाच्या जागी बोट फिरवलं, तर वाळूचे सुटे कण हाताला लागले. फसफसलं होतं ते कणांना धरून ठेवणारं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज. कण स्वतः क्वार्ट्‌झचे, म्हणजे गारेचे, अ‍ॅसिडला दाद न देणारे. चाकू घासला तर दगडावर पात्याचीच करडी रेघ उमटली. वरच्या दगडात मात्र चाकू सहज रुतला, पांढरट पूड निघाली. मग तिने भिंग लावलं.

“सर, हे वाळूचे कण नाहीत, काड्या आहेत!”

बारीक, तुटक्या काड्या आणि त्यांवर सुईने टोचल्यासारखी ओळीने भोकं. ब्रायोझोआचे, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या समुद्री जीवांचे सांगाडे. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्र शिरला होता. त्याच्या पाण्याने हा चुरा वाळूप्रमाणेच लोटत नेऊन तिरप्या थरांत रचला. लांबून बघणाऱ्याने याला वालुकाश्म म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही. इतका फसवा दगड माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

काकांना सांगितलं, चुनखडी आहे, पण माथ्यापुरती, पातळ थर.

“आणि खालचा एवढा सगळा?”

“भट्टीत वाळूच हाती लागेल. कुंपणाची भिंत घाला त्याची.”

“घालतो की,” काका म्हणाले, “पण भिंतीला चुना लागतो, साहेब.”