नेरुळच्या घरात रिटर्न आणि गेमिंगसाठी एकच पीसी

मी घरूनच अकाउंट्सची कामं करते. दर महिन्याला क्लायंटची जीएसटी रिटर्न: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला थ्री-बी. रात्री जेवणं उरकली की धाकट्या भावाबरोबर गेम खेळते, तेही तितक्याच मनापासून. लॅपटॉप जुना झाला तेव्हा ठरवलं, एकच डेस्कटॉप असेंबल करायचा. ग्राफिक्स कार्ड खेळासाठी, बाकी सगळे पार्ट २० तारखेसाठी.

प्रोसेसरवरूनच वाद झाला. भाऊ म्हणाला, "ताई, रायझन ५ ७५००एफ घे. पैसे वाचतील आणि गेममध्ये फरक कळणारही नाही." ते खरं आहे. पण 'एफ'मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. ऐन २० तारखेच्या तोंडावर कार्ड वॉरंटीत गेलं, तर ते परत येईपर्यंत करायचं काय? साध्या ७६००मध्ये छोटंसं रेडिऑन ग्राफिक्स असतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावायची, एक्सेल, टॅली, पोर्टल सगळं सुरू. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. माझ्या दोन्ही कामांना भरपूर. शिवाय एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची हा प्रोसेसर बसायची जागा, २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवणार असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल.

मदरबोर्ड बघताना मी मागचे यूएसबी पोर्ट मोजले. प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, कीबोर्ड, माउस, क्लायंटचा पेनड्राइव्ह, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डीएससी टोकन, डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं यंत्र. कंपनीचं इन्कम टॅक्स रिटर्न त्याशिवाय जात नाही, आणि स्वस्त हबमधून ते कधी दिसतं, कधी दिसत नाही. म्हणून मागे आठ पोर्ट असलेला बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड घेतला. लाइटवाले मदरबोर्ड मी पाहिलेसुद्धा नाहीत.

रॅमने मात्र घाम काढला. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव कुठल्या कुठे गेले. आत्ता १६ जीबीची एकच स्टिक घे, दुसरी नंतर, असं दुकानदारही सुचवत होते. पण एका स्टिकवर सिंगल चॅनल मिळतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममध्ये दोनऐवजी एकच रस्ता, आणि गेममध्ये ते जाणवतं. चार स्लॉट भरायचा विचारही नको. चार स्टिक लावल्या की डीडीआर५चा, म्हणजे या पिढीच्या रॅमचा वेग एएम५वर बराच खाली येतो. म्हणून १६-१६ची जोडी, ६००० स्पीडची, एकाच पाकिटातली. त्यापायी एसएसडी दोनऐवजी एक टीबीवर आणला.

ग्राफिक्स कार्ड आरएक्स ९०६० एक्सटी, स्वतःची १६ जीबी मेमरी असलेलं. मॉनिटर २७ इंची १४४० पी घेतला होता, कारण त्यावर एक्सेलच्या ओळी जास्त मावतात. त्या रिझोल्यूशनला नव्या गेममध्ये ८ जीबी अपुरे पडायला लागलेत.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आतला वीज पुरवणारा डबा, आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा यूपीएस. या दोघांकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट क्षणभर जाते आणि येते. तेवढ्यात अर्धं भरलेलं काम जातं. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच ओढतो. हे कार्ड १६० वॉटचं, प्रोसेसर, दोन मॉनिटर. खेळताना आपण त्याच्या काठावरच असतो. दुसरं म्हणजे चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं, वीज नीट ओढणारं सर्किट असतं आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह त्याला कधीकधी मानवत नाही; नेमका बॅटरीवर गेला की पीसी बंद. मी ६५० वॉटचा, वीज कमी वाया घालवणारा गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस आणि घरच्या विजेसारखी गुळगुळीत, प्युअर साइन वेव्ह देणारा यूपीएस घेतला. बजेटमधला मोठा घास तिथे गेला, पण गेला तो योग्य जागी. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॉटचा आकडा बघा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार. नेरुळहून कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड. एका दुकानात "मॅडम, ऑफिससाठी ना? आय थ्री घ्या" म्हणून इंटेलच्या साध्या प्रोसेसरचं कोटेशन लिहूनही झालं. दुसऱ्याकडे कार्ड हवं तर त्याचाच एसएमपीएस घ्यायची अट. तिसऱ्याने माझी यादी नीट वाचली, त्याच्याकडूनच घेतलं. बिलं दोन मागितली. कॉम्प्युटरचं माझ्या जीएसटी नंबरवर, कार्डाचं नुसतं नावावर. खेळायच्या वस्तूवर आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही, आणि लोकांची रिटर्न भरणाऱ्या बाईने तरी ते घेऊ नये. दोन्ही बिलांवर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घेतला. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

असेंबल घरी, डायनिंग टेबलावर. पॉवर दिली, पंखे फिरले, स्क्रीन काळीच. भाऊ बटण दाबून बंद करायला निघाला, मी त्याचा हात धरला. डीडीआर५ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग लागतं, म्हणजे मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो; काही मिनिटं काहीच दिसत नाही. मदरबोर्डवरचा डीरॅमचा दिवा पिवळा होता, तो विझला आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगचा स्क्रीन, उघडला. रॅम ४८०० दाखवत होती; एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायचं सेटिंग, चालू केल्यावर ६००० झाली. हे लोक विसरतात आणि पैसे मोजलेला वेग वापरतच नाहीत.

एक्सेल चालू असताना कार्डाचे पंखे थांबलेले असतात, त्यामुळे क्लायंटशी फोनवर बोलताना आवाज नाही. कॅबिनेटच्या जाळीवरचा फिल्टर मात्र सारखा झटकावा लागतो, शेजारी टॉवरचं बांधकाम चालू आहे. मदरबोर्डवरचा एसएसडीचा दुसरा एम डॉट टू स्लॉट रिकामा ठेवलाय. भाव उतरले की त्यात गेमसाठी वेगळा एसएसडी बसवणार आहे.