चकाकीची नोंदवही: काळा तुकडा आणि ॲपोफिलाइट

गेले तीन आठवडे रंग बाजूला ठेवून खनिजांचे नमुने फक्त चकाकीवरून लावतोय. पायराइट, गॅलेना आणि नैसर्गिक तांबं लगेच धातूच्या ट्रेमध्ये गेले. अडलं एका काळ्या तुकड्यापाशी. त्याच्या चिठ्ठीवर मीच कधीतरी 'धातूसारखी चकाकी' असं लिहून ठेवलं होतं, आणि दिव्याखाली तो चमकतोही तसाच.

मग खोली अंधारी केली, तुकड्याची सगळ्यात पातळ कड शोधली आणि मागून टॉर्च लावला. कड लालसर तपकिरी उजळली! म्हणजे प्रकाश आत शिरतोय. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन त्याला जवळजवळ पृष्ठभागावरूनच परत पाठवतात. चांदी तर ९० टक्क्यांहून जास्त दृश्य प्रकाश परतवते. गॅलेनाची कड कितीही पातळ असली तरी काळीच राहते. खात्रीसाठी तुकडा बिनचकाकीच्या पोर्सेलीनवर घासला, कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, फिकट तपकिरी आला. स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं खनिज!

फसलो ते का, हे आकड्यांत दिसतं. क्वार्ट्झचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती मंदावतो त्याचा आकडा) १.५४, त्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम साडेचार टक्के पृष्ठभागावरून परततो. ती झाली काचेसारखी चकाकी. हिऱ्याचा २.४२, परततो सुमारे १७ टक्के. स्फॅलेराइटचा २.३७ च्या आसपास, म्हणजे हिऱ्याच्या अगदी शेजारी. त्यात लोह जास्त असलं की रंग काळा होतो, आणि काळ्यावर एवढी झळाळी दिसली की डोळा तिला धातूच समजतो.

या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ मात्र ॲपोफिलाइटने घेतला, आणि आनंदाने दिला. स्फटिक बोटांत धरून हळूहळू फिरवा: बाजूच्या फलकांवर स्वच्छ काचेची चमक, आणि माथ्याचा सपाट फलक समोर आला की एकदम दुधाळ, मोत्यासारखी. खनिज तेच. माथ्याला समांतर पाटन (ठरावीक सपाट पातळीत फुटणं) उत्तम असतं, आतल्या पातळ थरांवरून प्रकाश थोडा थोडा परततो आणि ती मऊ झाक येते. तेव्हा चिठ्ठीवर एकच शब्द लिहून भागणार नाही, कुठल्या फलकावर कोणती चकाकी ते लिहा.

गॅलेनाचीही नोंद ताज्या पाटनावरूनच घ्या. जुना पृष्ठभाग राखाडी, मंद पडतो. त्यात शिसं असतं, नंतर हात धुवा.

पुढचे दोन नमुने हेमॅटाइटचे आहेत, एक आरशासारखा, एक गेरूसारखा मातकट. कस दोघांचाही लालच.