इंडियन क्रीकला जाताना कॅम कोणते न्यावेत: ऑक्टोबरअखेरचे पाच दिवस

इंडियन क्रीक म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं, कड्यांच्या भेगांमधून चढण्याचं ठिकाण. तिथल्या क्रीक पाश्चरच्या कॅम्पवर पहिल्या सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फाची साय धरली होती. ऊन अजून समोरच्या कड्याच्या माथ्यावरच होतं. गाडीच्या मागे सतरंजी अंथरून आम्ही तिघांनी आपापले कॅम (भेगेत बसवून दोर अडकवायचं, उघडमीट होणाऱ्या पाकळ्यांचं साधन) तिच्यावर ओतले. माझे, नवऱ्याचे आणि पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आलेल्या माझ्या आतेभावाचे. रंगांप्रमाणे, म्हणजे मापांप्रमाणे, ढीग लावले तेव्हा लाल चार, पिवळे सहा, निळे पाच झाले. भाऊ सह्याद्रीत बारा वर्षं चढतोय, तरी तो त्या पिवळ्या ढिगाकडे बघतच राहिला. "ताई, एकाच मापाचे सहा फ्रेंड? आमच्याकडे अख्ख्या मोहिमेत सगळे मिळून सहा असतात."

तो कॅमला फ्रेंडच म्हणतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या मंडळींकडून हाच शब्द आपल्याकडे आलाय, जसं आपण कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो. मुळात ते एकाच कंपनीच्या कॅमचं नाव. रे जार्डीनने सत्तरच्या दशकात योसेमिटीत हे साधन घडवलं आणि १९७८मध्ये वाइल्ड कंट्री या कंपनीने ते 'फ्रेंड' या नावाने बाजारात आणलं. भावाने त्यातलाच एक बरोबर आणला होता. अखंड ॲल्युमिनियमचा दांडा, त्यावर कोरलेला अडीचचा आकडा, आणि पाकळ्या मिटवणारा, वापरून वापरून चकाकी आलेला ट्रिगर. त्याच्या गुरुजींनी दिलेला. त्याची स्लिंग, म्हणजे दोर जोडायचा कापडी पट्टा, इतकी ताठ झाली होती की हातात धरली तरी वाकेना. त्या फ्रेंडविषयी पुढे सांगते.

इथे येण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये भेग चार फूटही एकसारखी जात नाही. कुठे फुगते, कुठे बुजते, कुठे बाहेरच्या बाजूला फाकते. म्हणून तिथे प्रत्येक मापाचा एकेक कॅम, नट (भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे) आणि मेखा असा संसार असतो. क्रीकच्या विंगेट वालुकाश्मात भेग करवतीने कापल्यासारखी सरळ वर जाते, शंभर फूट, एकाच रुंदीची. तिथे तुमच्याकडे दहा मापांचा सुंदर संच असला तरी त्यातले आठ कॅम कंबरेला नुसते लटकत राहतात.

सुपरक्रॅक ही इथली प्रसिद्ध भेग पाहिल्यावर हे मनात पक्कं बसतं. पहिल्या दुपारी आम्ही ती चढलो नाही, नुसते खाली उभे राहून पाहिली. १९७६मध्ये अर्ल विगिन्सने ती लीड केली (म्हणजे दोर खालून नेत, वाटेत साधनं लावत तो पुढे चढला) तेव्हा फ्रेंड विकतही मिळत नव्हते. समांतर भिंतींमध्ये हेक्स (सहा बाजूंचे धातूचे तुकडे) अडकवत तो वर गेला. हेक्स भक्कम बसायला भेग कुठेतरी अरुंद झालेली बरी, आणि ही भेग तशी जवळपास होतच नाही. भाऊ बराच वेळ हाताने भेगेची कड चाचपत होता.

कॅम अशा ठिकाणी का धरतो? पाकळीची कड लॉगरिदमिक सर्पिलाची असते, त्यामुळे पाकळी थोडी उघडलेली असो की जास्त, ती भिंतीला एकाच कोनात टेकते. जार्डीनने हा कोन १३.७५ अंश ठेवला होता. याचा परिणाम असा की पडणाऱ्याचा जेवढा भार दांड्यावर येतो, त्याच्या साधारण दुप्पट जोर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बसतो. ग्रॅनाइट आणि बसाल्ट तो सहज पेलतात. वालुकाश्म मऊ. कण चुरडले तर पाकळ्या सरकतात आणि दगडावर चर उमटतात. लोकप्रिय रूटवर हे चर उघड्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून इथे बारीक कॅमवर मी तेवढाच भरवसा ठेवत नाही जेवढा घरच्या ग्रॅनाइटवर ठेवते, आणि पहिले तीन कॅम कमी अंतरावर लावते.

आता निवडीचं. क्रीकसाठी कॅम निवडताना आधी स्वतःचा पंजा मोजा. अंगठा तळव्यात दुमडून हात दोन जाड पुस्तकांच्या मध्ये धरा, बोटांची मुळं फुगवा, आणि पुस्तकांमधलं अंतर पट्टीने मोजा. ज्या मापात तुमचा पंजा घट्ट बसतो त्या मापाच्या भेगा तुम्ही आधी चढणार, आणि तेच कॅम तुम्हाला सगळ्यात जास्त लागणार. माझा हात लहान आहे. लाल एक नंबरच्या भेगेत तो छान बसतो, पिवळ्या दोनमध्ये थोडा सैल, आणि निळ्या तीनमध्ये मला मूठच वळावी लागते. नवऱ्याचं उलट. लाल भेगेत त्याचा हात बोटांच्या पेरांपर्यंतच जातो आणि तो घामाघूम होतो. पिवळ्यात मात्र तो जिना चढल्यासारखा जातो. गाइडबुकातली श्रेणी मधल्या आकाराच्या पुरुषी हाताची असते, हे बायकांनी आणि मोठ्या पंजाच्या माणसांनी लक्षात ठेवावं. श्रेणीचा आकडा मोठा तेवढी चढाई अवघड, तरी लाल मापाची ५.११ मला निळ्या मापाच्या ५.१०पेक्षा सोपी गेली.

मी सांगतेय ते रंग आणि नंबर ब्लॅक डायमंड कंपनीच्या कॅमलॉटचे. वाइल्ड कंट्रीचे नवे फ्रेंड आणि डीएमएमचे ड्रॅगन यांचे रंग त्यांच्याशी जुळतात, मेटोलियसचे जुळत नाहीत. जुन्या फ्रेंडवरचा दोन म्हणजे कॅमलॉटचा दोन नव्हे. त्यामुळे वापरलेले कॅम विकत घेताना नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. लाल साधारण ३० ते ५२, पिवळा ३७ ते ६५, निळा ५१ ते ८८. ही मापं एकमेकांवर चढतात, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी डॉनेली कॅन्यनमध्ये जेनेरिक क्रॅक ही भेग लीड करत होते. सुरुवातीला भीती होती म्हणून हाताला येईल तो पिवळा लावत गेले. चार पिवळे खालच्या अर्ध्यातच संपले. त्यातल्या दोन जागी भेग चाळीस-बेचाळीस मिलिमीटरची होती, तिथे लालही उत्तम बसला असता. वर भेग रुंद झाली तेव्हा कंबरेला लालच उरले होते. एक लावला. पाकळ्या जवळजवळ पूर्ण उघडलेल्या, टोकांवर उभ्या. मला ते दिसत होतं. तरी त्यात दोर अडकवला आणि पुढे गेले. दोन हालचालींनंतर पाय सटकला. लाल कॅम फिरला आणि निसटला, आणि मी खालच्या पिवळ्यावर जाऊन थांबले. वीसेक फूट. कोपर सोललं, बाकी काही नाही. बिलेवर, म्हणजे खाली दोर सांभाळायला, नवरा होता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हापासून नियम पाळते. कॅम बसवल्यावर पाकळ्या निम्म्या ते पाऊण मिटलेल्या दिसल्या पाहिजेत. पार मिटलेला कॅम निघत नाही, पार उघडलेला टिकत नाही. आणि जिथे दोन मापं चालतात, तिथे वर ज्याची गरज कमी आहे ते माप आधी लावायचं. खाली उभं राहून भेग वाचायची, आणि आधी चढलेल्यांना विचारायचं. क्रीकवर लोक मोकळेपणाने सांगतात, आपले कॅमही देतात. तिथे एकमेकांचे कॅम एकत्र करून चढण्याची रीतच आहे. त्यामुळे सहा पिवळे विकत घ्यायची गरज नाही, दोन-तीन स्वतःचे पुरतात. फक्त दांड्यावर आपल्या रंगाची टेप गुंडाळा, नाहीतर संध्याकाळी वाटणी करताना तास जातो.

अपग्रेडबद्दल मला बरेच जण विचारतात की सगळा जुना रॅक (कॅमचा संच) विकून हलका नवा घ्यावा का. माझं मत: नको. पहिला खर्च स्लिंगवर करा. न वापरलेल्या कापडी स्लिंगचंही आयुष्य बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, आणि उन्हा-वाळूत वापरलेली त्याच्या खूप आधी बाद होते. शिवणीजवळच्या चिठ्ठीवर साल असतं. माझ्या तीन कॅमवर ते दहा वर्षांहून जुनं निघालं, पाकळ्या मात्र ठणठणीत. नवी स्लिंग शिवून घ्यायला नव्या कॅमच्या किमतीचा छोटासा भाग लागला. भावाच्या गुरुजींचा फ्रेंडही याच कारणाने आम्ही लीडवर नेला नाही. जमिनीलगतच्या भेगेत त्याने तो लावून पाहिला, उभ्या भेगेत छानच बसला. पण आडव्या भेगेत असा ताठ दांडा कडेवर पडला की तरफेसारखा वाकतो किंवा मोडतो. पुढे तारेचे लवचीक दांडे आले त्यामागे हे मोठं कारण होतं.

दुसरा खर्च बारीक मापांवर. लाल, पिवळ्या, निळ्यात वीस वर्षांपूर्वीचा दोन आसांचा कॅम आजही उत्तम काम करतो, नवा थोडा हलका इतकंच. बोटांच्या मापात मात्र खरोखर फरक पडलाय. डोकं अरुंद झालंय, दांडा मऊ झालाय, त्यामुळे दोर हलला तरी कॅम सहजी भेगेत आत सरकत जात नाही. टोटेमसारख्या कॅममध्ये पाकळ्यांच्या दोन जोड्यांवर स्वतंत्र भार येतो, म्हणून फाकलेल्या भेगेतही तो तग धरतो. क्रीकमध्ये याची गरज कमी पडते, सह्याद्रीत मात्र पदोपदी पडेल.

अतिहलक्या मॉडेलबद्दल एक सावधगिरी. त्यांच्या दांड्यात स्टीलच्या तारेऐवजी डायनिमा (मजबूत कृत्रिम धागा) असतो. वजन चांगलंच उतरतं, पण तो गाभा म्हातारा झाला की अख्खा कॅम बाद. आठ निळे घेऊन वर जायचं असेल तर हलकेपणा सुखाचा आहे, हे खरं. वर्षातून दोनदा चढणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सरी पडल्या. लगेच ऊन पडलं तरी आम्ही चढलो नाही. ओल्या विंगेटची ताकद खूप कमी होते. कॅम उखडतो आणि भेगेची कडही कायमची तुटते. दगड वरून कोरडा दिसला तरी फसू नका. सावलीतली वाळू बोटभर उकरा, खाली ओल लागली तर त्या दिवशी विश्रांती. निदान एक दिवस, मोठा पाऊस असेल तर दोन-तीन. आम्ही न्यूजपेपर रॉकवरची शेकडो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं पाहिली आणि मोआबला जाऊन पाणी भरून आणलं.

पाणी कॅम्पवर मिळत नाही. माणशी रोजचे चार-पाच लिटर धरून आणा. डेन्व्हरहून मोआब सहा तास, तिथून १९१ क्रमांकाच्या हायवेने दक्षिणेला आणि मग २११ने पश्चिमेला वळलं की क्रीक. पेट्रोल मोआब किंवा माँटिसेलोलाच भरा. फोनला रेंज नाही. कड्याखाली शौचाला जावं लागलं तर पिशवीत भरून परत आणायचं, वाळवंटात ते लवकर कुजत नाही. वसंतात काही भिंतींवर ससाणे आणि गरुड घरटी करतात, तेव्हा कुठल्या भिंती टाळायच्या याची यादी निघण्याआधी बघा. दोर ७० मीटरचा न्या आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कुणालाही खाली सोडू नका. हातांना टेप किंवा क्रॅक ग्लोव्ह हवेतच.

शेवटच्या दिवशी भावाने इन्क्रेडिबल हँड क्रॅक टॉप रोपवर (वरून लावलेल्या दोरावर) चढली आणि खाली येऊन म्हणाला, "ताई, हात दुखतायत, पण पायांना आता कळलं भेगेत कसं फिरायचं." मग गाडीत बसल्यावर विचारलं, "मी काय घेऊन जाऊ?" त्याला पिवळे हवे होते. मी नको म्हटलं. मधल्या मापाचा एक कॅम तेव्हा ऐंशी-नव्वद डॉलरच्या घरात जात होता, आणि नागफणीवर किंवा तेलबैलावर त्याला पिवळ्यांची रांग कधी लागणार? मोआबच्या दुकानात त्याने काउंटरवर अर्धा तास पाकळ्या उघडमीट करून पाहिल्या आणि बोटांच्या मापाचे दोन अरुंद डोक्याचे कॅम घेतले. गुरुजींच्या फ्रेंडला नवी स्लिंग शिवून मिळते का, ते तो पुण्यात विचारणार आहे.

घरी पोचल्यावर आम्ही तिघांनी सगळे कॅम कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ट्रिगर शंभरवेळा तरी ओढले. स्लिंग बाहेर ठेवल्या. सावलीत वाळवून आसांना कोरडं, मेणाचं वंगण दिलं. तेल लावू नका, त्याला पुढच्या खेपेची वाळू चिकटते. पाणी ओतलं तेव्हा बादलीच्या तळाशी विटकरी वाळूचा बोटभर थर होता, आणि जो पिवळा पाच दिवस करकरत होता तो आता न अडता मिटत होता.