बोर्डावरचं ‘डॉ.’

पेंटर मामांनी बोर्ड आणून भिंतीला टेकवला आणि मी बघतच राहिले. माझ्या नावाआधी ठसठशीत ‘डॉ.’!

“मामा, हे काय? मी नर्स आहे.”

“असू द्या की ताई. इंजेक्शन टोचता न्हवं? मग झालं तर. त्याचं पैसं काय वेगळं लावलं न्हाईत.”

रॉकेलचा बोळा फिरवून त्यांनी ते पुसलं, पण तोंड पाडूनच. त्यांच्या मते मी हातचं गिऱ्हाईक घालवत होते.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं माझं त्वचा आणि आरोग्य केंद्र आहे. ते कसं सुरू झालं असं आता बऱ्याच नर्स मैत्रिणी विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

मी मूळची जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमावाली. मग पोस्ट बेसिक बीएस्सी केलं. पुढं भारतीय परिचर्या परिषदेचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम बाहेरगावी राहून पूर्ण केला. अकरा वर्षं आयसीयूत काढली. मग गुडघे आणि रात्रपाळी एकदमच कुरकुरायला लागले. त्यात माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत. तिकडं बऱ्याच राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासते, औषध लिहून देते, स्वतःचं क्लिनिक काढते. ही बाई तिथं सुरकुत्यांवरचं बोटॉक्स, गाल-ओठ भरायचं फिलर, वजनाचा सल्ला, सगळं एका छताखाली करते. व्हिडिओ कॉलवर तिचं ते पांढरंशुभ्र क्लिनिक बघून मला वाटलं, पदवीचं नाव तर एकच आहे, आपणही करू.

नाव एकच, अधिकार निराळे. आपल्याकडची ही पदवी अतिदक्षता विभागासाठी. तिथंही ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणं, डॉक्टरांच्या जबाबदारीखाली काम करायचं. राजारामपुरीत गाळा घेऊन कुणाच्या कपाळावर सुई लावायची मुभा त्यात नाही. हे कळायच्या आधी मी एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेला सहा दिवसांचा कोर्स करून बसले होते. फी भरायला पाटल्या मोडल्या. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, तेव्हा इथंही नको. शेवटच्या दिवशी मी विचारलं, “पण डॉक्टर कोण असणार?” शिकवणारे हसून म्हणाले, “सगळे करतात हो मॅडम.” सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं. ते कपाटात आहे, भिंतीवर नाही.

आयसीयूत काम केलेल्या माणसाला ‘सगळे करतात’ हे वाक्य पचत नाही. सगळे करतात ते बिघडल्यावर रात्री दोनला आमच्याकडंच यायचं की.

मग रुग्णालयातल्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “फिलर रक्तवाहिनीत गेलं तर काय करशील?” उत्तर मला येत होतं, पण कोर्समुळं नव्हे. तिथली कातडी मरते, क्वचित डोळ्याची नजरही जाते. ते फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज हाताशी नसेल तर सिरिंज उघडायचीच नाही. मॅडम म्हणाल्या, “मग फिलर मीच करणार. बाकीचं बोलू.”

बोलणं झालं ते असं. मंगळवारी आणि शनिवारी त्या येणार. नवा पेशंट त्यांनी तपासल्याशिवाय काही सुरू होणार नाही. बोटॉक्स, फिलर त्यांच्याच हातानं, लेसरचं सेटिंग त्यांनी ठरवायचं, औषधाची चिठ्ठी त्यांच्या लेटरहेडवर. माझ्याकडं हिस्ट्री घेणं, बीपी, साखर, फोटो, पॅच टेस्ट (आधी थोडंसं लावून सोसतंय का ते बघायचं), त्यांनी लिहून दिलेलं पील, म्हणजे कातडीचा वरचा थर काढणारं औषध लावणं, ड्रेसिंग, आहार-झोपेचा सल्ला आणि फॉलोअप. ही यादी टाइप करून दोघींनी सह्या केल्या. शिवाय इमर्जन्सी ट्रे. रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी ॲड्रिनॅलिनच्या, म्हणजे जोराची ॲलर्जी उठली तर टोचायच्या औषधाच्या, ॲम्प्यूलची तारीख बघायची. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. देवापुढं दिवा लावण्याआधी मी हे बघते. आत्ती, म्हणजे सासूबाई, यावरून एकदा रुसल्याही होत्या.

कागदपत्रांची मला फार धास्ती होती. त्यातलं निम्मं सोपं निघालं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू होतीच. शॉप ॲक्टला माणसं थोडी असली तर नुसती ऑनलाइन सूचना पुरते. बोर्डावर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, हा २०२२ मधला बदल मामांना ठाऊक होता, मला नव्हता. सीएंनी जीएसटीचं सांगितलं. वैद्यकीय उपचाराला माफी आहे, नुसत्या सौंदर्यासाठीच्या कामाला नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणीचा प्रश्न नाही. तरी हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा म्हणाले. म्हणजे मुरुमांचं पील एका वहीत आणि लग्नाआधीच्या चकाकीचं दुसऱ्या.

अडलं ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या परवानगीला. एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या साहेबांनी विचारलं, “बेड किती?”

“बेड नाहीत.”

“मग हे पार्लर झालं. पार्लरला लागत नाही.”

“पण सुया वापरतो, रक्ताचा कापूस निघतो.”

“मग हॉस्पिटल. बेड लिहा.”

असं चार वेळा झालं. एका खेपेला तर ते म्हणाले, “एक बेड लिहून टाका ना, तुमचं काय जातंय?” शेवटी मी २०१६ चे नियमच छापून नेले आणि बेड नसलेल्या दवाखान्यांना परवानगी एकदाच घ्यावी लागते त्या ओळीखाली लाल रेघ मारली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. “हे आधी दाखवायचं की.” पुढचं पंधरा मिनिटांत. आता रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. ४८ तासांच्या वर काही ठेवायचं नाही. आयसीयूत हे अंगवळणी पडलेलं असतं. फरक इतकाच, की तिथं पिशवी बांधायला वॉर्डातले मामा-मावशी असतात, इथं मीच.

पत्रकाचं थोडक्यात सांगते. प्रेसवाल्या पोरानं आपल्या मनानंच ‘१० दिवसांत गोरेपान’ आणि ‘लठ्ठपणावर हमखास औषध’ टाकलं होतं. लठ्ठपणावरच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे आणि गोरेपणाचं माझ्याच मनाला मनाई आहे. दोन्ही ओळी काढल्यावर पत्रकावर पत्ता आणि वेळ राहिली.

गोरेपणावरून आजही आठवड्याला एक भांडण होतं. लग्न ठरलेल्या मुलीची आई येते. “सिस्टर, ते गोरं व्हायचं सलाईन लावा की.” ग्लुटाथायोनचं इंजेक्शन आपल्याकडं यकृताच्या आजारांसाठी मंजूर आहे, रंग उजळवण्यासाठी नाही, हे मी समजावते. “पण अमकीनं लावलं!” लावलं असेल. आमच्याकडं मिळत नाही. काहीजणी तणतणत जिना उतरतात. उरलेल्यांत हमखास एक तरी अशी असते, जी पर्समधून मेडिकलमधून परस्पर आणलेली, दाबून चपटी झालेली ट्यूब काढते. वांगावर म्हणून वर्षभर चोळलेली. आत स्टिरॉइड. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, गाल लाल, बारीक शिरा दिसायला लागतात आणि ट्यूब सोडली की आग आग. २०१८ पासून असली स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. ट्यूब मात्र विदाऊट चिठ्ठीचीच असते.

एक मावशी कागलहून आल्या होत्या. मुलाच्या साखरपुड्याआधी मान उजळून हवी होती. काथ्यानं घासून घासून मान सोललेली, तरी काळी ती काळीच, आणि हाताला मखमलीसारखी जाड. मी मानेला हात लावला आणि ग्लुकोमीटर काढला. “अगं, मान दाखवायला आलोय, बोट कशाला टोचतीस?” साखर २८६. ती काळी मान म्हणजे बहुतेक वेळा इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते, मळाची नव्हे. त्यांना फिजिशियनकडं पाठवलं, त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. त्या अजून येतात, मानेसाठी नाही, बीपी बघायला. सोबत शेतातलं काहीतरी आणतात. परवा अर्धी पाटी वांगी होती.

आता माझी चूक.

पहिल्याच वर्षी चैत्रात एका शिक्षिकेला मॅडमांच्या सांगण्यावरून ग्लायकॉलिक पील केलं. संमतीपत्र मी नेटवरून उतरवलेलं, परदेशी. टॅनिंग मशीन वापरता का, पोहायला जाता का, असलं सगळं त्यात होतं. मी तोंडी सांगितलं, दोन आठवडे ऊन टाळा, सनस्क्रीन लावा. चार दिवसांनी जोतिबाची यात्रा. तिच्या सासरच्या गावची सासनकाठी, म्हणजे यात्रेत नाचवायची मानाची उंच काठी. नवी सून, न जाऊन कसं चालेल? मंगळवारी ती ओढणी गुंडाळून आली. ओढणी काढली तर दोन्ही गाल लालभडक, कानाच्या पाळीत अजून गुलाबी पूड अडकलेली. पीलनं हळव्या झालेल्या कातडीवर गुलाल बसला होता आणि तो काढायला तिनं साबणानं खसाखसा घासलं होतं.

“ऊन टाळा म्हणालात, टाळलं. पहाटेच डोंगर चढलो आम्ही. गुलालाचं कुठं म्हणालात?”

काय बोलणार? बरोबरच होतं तिचं. लाली गेली तशी तिथं तपकिरी डाग उमटले, ते जायला साडेतीन महिने लागले. पैसे परत केले, पुढचं सगळं फुकट केलं, आणि मॅडमांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गुलालाचं मला सुचायला हवं होतं. माझं माहेर वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगराच्याच पायथ्याशी, लहानपणी चैत्रात आमचं कुत्रंसुद्धा गुलाबी असायचं.

त्या रात्री ते परदेशी संमतीपत्र फाडलं आणि स्वयंपाकघरात बसून मराठीत नवं लिहायला घेतलं. आत्ती भाकरी थापत होत्या. “हळद लिवलीस का? लग्नातली? आणि रंगपंचमी?” मी लिहीत गेले. “मी सांगतो ते लिव. गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसणारीला इचार, तिचं वांग कधी जाईल व्हय?” हे तर मॅडमांनाही सुचलं नव्हतं. उन्हासारखीच धगही वांगाला चांगली नाही. मग उसाच्या फडातलं काम आलं, गणपतीची मिरवणूक आली. दिरांनी पलीकडच्या खोलीतून ओरडून निवडणुकीचा निकाल घालायला लावला. आमच्याकडं ग्रामपंचायतीचा सदस्य निवडून आला तरी गल्लीभर गुलाल असतो. फॉर्म दोन पानांचा झाला.

परवा एक वहिनी तो भरत होत्या. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, “‘येत्या महिन्यात जोतिबाला जाणार आहात का?’ हा काय प्रश्न झाला सिस्टर? न जाऊन सांगते कुणाला?”

मी कॅलेंडर काढलं आणि त्यांच्या पीलची तारीख यात्रेनंतरची लिहिली.