तुम्ही विचारलंत म्हणून: सॉकेट सोळा पिनांचं, तरी स्कॅनर गप्प का?

‘जुनी गाडी घेतली, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे. म्हणजे ओबीडी-२ झाली ना?’ (ओबीडी म्हणजे गाडीतले बिघाड ओळखून त्यांचे कोड साठवणारी यंत्रणा. ते कोड वाचायला स्कॅनर लागतो.) हा प्रश्न ठरलेला, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा दुसराही: ‘मग स्कॅनर का जोडला जात नाही?’ कारण सॉकेट हा नुसता आकार आहे. त्यामागचा संगणक कोणती भाषा बोलतो, ते आकारावरून कळत नाही.

आधी गाडी कोणत्या बाजारासाठी बनली ते पाहा. ती कुठे बनली याला इथे फारसा अर्थ नाही. अमेरिकेत विकलेल्या कार आणि हलक्या ट्रकना १९९६ या मॉडेल वर्षापासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून, डिझेल कारना त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. भारतात एप्रिल २०१०पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३पासून ओबीडी-२. इथे नावाचा एक घोळ आहे. अमेरिकेतलं ओबीडी-१ म्हणजे ज्याचं त्याचं सॉकेट आणि ज्याचे त्याचे कोड, असा कारभार होता. भारतातल्या ओबीडी-१ गाड्यांत बहुधा सोळा पिनांचंच सॉकेट असतं. त्यांच्यात आणि ओबीडी-२मध्ये फरक आहे तो यंत्रणा किती गोष्टींवर लक्ष ठेवते याचा.

अमेरिकन गाडीत मॉडेल वर्ष आणि बनल्याचं वर्ष एक धरू नका. १९९५च्या शेवटी बनलेली गाडी १९९६चं मॉडेल असू शकते. सतरा अक्षरी चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर पाहा: आर म्हणजे १९९४, एस म्हणजे १९९५, टी म्हणजे १९९६, व्ही म्हणजे १९९७. मधला यू वापरतच नाहीत. युरोपीय बाजारासाठीच्या गाड्यांत हे दहावं अक्षर वर्ष सांगेलच असं नाही, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

यापेक्षा भरवशाचा पुरावा म्हणजे बॉनेटखालचं उत्सर्जनाचं लेबल. ते बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर चिकटवलेलं असतं आणि त्यावर ‘ओबीडी-२’, ‘ईओबीडी’ (म्हणजे युरोपीय ओबीडी) किंवा ‘ओबीडी-१’ असं छापलेलं सापडतं. इंजिन बदललेलं असेल किंवा अपघातानंतर बॉनेट दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असेल, तर मात्र लेबल आणि गाडी यांचा संबंध उरत नाही.

आता टॉर्च घेऊन सॉकेटच्या आत बघा. रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खाली ९ ते १६. सगळ्या घरांत धातूच्या पिना नसतात, आणि कोणत्या आहेत यातच उत्तर दडलेलं असतं. ४ आणि ५ म्हणजे अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या पिना), १६वर बॅटरीचा सतत पुरवठा. या तीन जवळपास नेहमीच असतात. २ आणि १० दोन्ही असतील तर बहुधा माहिती पाठवण्याची फोर्डची जुनी पद्धत, वेग सेकंदाला ४१.६ किलोबिट. २ आहे पण १० नाही, तर जनरल मोटर्सची, १०.४ किलोबिट. ७ (आणि कधी सोबत १५) असेल तर के-लाइन, म्हणजे एका तारेवरून माहिती पाठवण्याची पद्धत. जुन्या युरोपीय, आशियाई आणि बऱ्याच क्रायस्लर गाड्यांत ती सापडते. ६ आणि १४ म्हणजे कॅन, दोन तारांवरून माहिती पाठवण्याची नवी पद्धत. अमेरिकेत २००८ मॉडेलपासून कॅनच सक्तीचं आहे. इग्निशन चालू असताना ६ आणि १४ दोन्हींवर अर्थिंगच्या तुलनेत साधारण अडीच व्होल्ट दिसले आणि बॅटरी सोडवल्यावर दोहोंमध्ये सुमारे ६० ओहम आले, तर कॅन जिवंत आहे असं समजा.

आता फसवणारे नमुने. १९९४-९५च्या काही जनरल मोटर्स गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट आहे, पण माहिती जाते ९ नंबरच्या पिनवरून, जुन्याच ८१९२ बॉड (माहितीच्या वेगाचं माप) वेगाच्या लाइनने. साधा ओबीडी-२ स्कॅनर तिथे डोकं आपटत बसतो. नव्वदच्या दशकातल्या फोक्सवॅगन-ऑडींत ७ नंबरवर के-लाइन असते, पण तिच्यावर कंपनीची स्वतःची भाषा चालते. कंपनीसाठीचं सॉफ्टवेअर बोलतं, सर्वसाधारण ॲप गप्प. जपानच्या अंतर्गत बाजारातल्या जुन्या गाड्यांचंही पुष्कळदा असंच. काही जुन्या बीएमडब्ल्यूंत बॉनेटखाली वीस पिनांचं गोल सॉकेटही असतं. त्याचं झाकण हरवलं तर आतलं सोळा पिनांचं सॉकेट बंद पडतं, कारण काही पिना झाकणातूनच जोडल्या जातात.

स्कॅनर अजिबात पेटलाच नाही, तर भाषेचा विचार करण्याआधी १६ आणि ४ यांच्यात मल्टिमीटर लावा. बारा व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. आलं नाही तर फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटर आणि हे सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. स्कॅनर पेटला पण जोडला गेला नाही, तर इग्निशन ‘ऑन’ आहे ना ते बघा. स्वस्त नकली अडॅप्टरही मध्ये येतो: कॅनवर तो चालतो, पण फोर्डच्या जुन्या पद्धतीवर त्याचा पुष्कळदा निभाव लागत नाही. म्हणून गाडीला दोष देण्याआधी तोच अडॅप्टर दुसऱ्या, खात्रीच्या आणि त्याच पद्धतीच्या गाडीवर लावून बघा.

जोडणी झाली की गाडीलाच विचारता येतं. स्कॅनरच्या मोड ०१मध्ये (चालू माहिती दाखवणाऱ्या विभागात) १सी हा क्रमांक मागवा. उत्तर १ आलं तर कॅलिफोर्नियाचं ओबीडी-२, २ म्हणजे अमेरिकी केंद्रीय नियमांचं ओबीडी, ४ म्हणजे ओबीडी-१, ५ म्हणजे कोणत्याच मानकात नाही, ६ म्हणजे ईओबीडी. बहुतेक ॲप हे ‘ओबीडी मानक’ अशा नावाने दाखवतात, आणि लोक ते न वाचताच पुढे सरकतात.

सॉकेट सोळा पिनांचं नसेल तर शोध सोपा होतो. जनरल मोटर्सचं बारा घरांचं सॉकेट डॅशबोर्डखाली असतं; त्यातली ए आणि बी ही घरं वायरने जोडून इग्निशन ऑन केलं की चेक इंजिनचा दिवा मिचकावून कोड दाखवतो, सुरुवातीला १२ तीनदा (एकदा मिचकावणं, थोडं थांबून दोनदा). टोयोटात बॉनेटखाली ‘डायग्नोस्टिक’ लिहिलेली डबी, तिच्यात टीई१ आणि ई१ जोडायचे. होंडात डॅशखाली दोन तारांचं निळं सॉकेट, त्या दोन तारा जोडायच्या. जुन्या क्रायस्लरला वायरही लागत नाही: पाच सेकंदांच्या आत चावी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन करा, शेवटी ५५ मिचकावलं की यादी संपली. फोर्डला सहा घरांच्या सॉकेटशेजारी एक सुटी वायर असते, ती जोडायला विसरलात की काहीच होत नाही.

टोयोटाच्या त्या डबीत +बी नावाचं घरही असतं. चुकून ई१शी जोडलं तर फ्यूज गेलाच. पिवळी सॉकेटं एअरबॅगची, त्यांना वायर लावायची नाही. आणि चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, चेक इंजिनचा दिवा पेटतो का ते पहिल्यांदा पाहा. तो पेटतच नसेल तर बल्ब गेला आहे किंवा कुणीतरी मुद्दाम काढला आहे, आणि मग मिचकावणारे कोड दिसणार कुठून? मिळालेले कोड बॅटरी सोडवण्याआधी कागदावर उतरवा, ओबीडी-१च्या बऱ्याच गाड्यांत ते बॅटरीबरोबरच पुसले जातात.