ग्रो लाइटचा डिमर: वायर सुटली तर दिवा मंद होतो की पूर्ण पेटतो?

रोपं वाढवणाऱ्या एलईडी दिव्यासाठी (ग्रो लाइटसाठी) मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपवर, चालणारा डिमर घरी बनवायचा आहे. त्या दिव्याला ठरावीक करंट पुरवणारा डबा म्हणजे ड्रायव्हर. मीन वेल कंपनीच्या एचएलजी मालिकेत ज्या ड्रायव्हरच्या नावाच्या शेवटी ‘बी’ असतं, त्याच्या पोटातून डिमिंगच्या दोन वायरा बाहेर आलेल्या असतात. त्या नुसत्या मोकळ्या सोडल्या तर दिवा पूर्ण पेटतो. एकमेकींना चिकटवल्या तर कमीत कमी उजेडावर येतो. मायक्रोकंट्रोलर हातात घेण्याआधी एवढं डोक्यात पक्कं बसू द्या, कारण पुढच्या निम्म्या भानगडी यातूनच निघतात. कंट्रोलर बंद पडला, वायर निसटली, सोल्डर सुटलं, की रोपांवर पूर्ण उजेड. घरी बनवलेल्या डिमरची बहुतेक सर्किटं या प्रश्नाकडे बघतच नाहीत.

आधी थोडं गणित. ड्रायव्हर स्वतःच डिम-प्लस वायरीतून साधारण १०० मायक्रोअँपिअर करंट बाहेर सोडतो आणि दोन वायरींमध्ये किती व्होल्ट तयार होतात ते बघतो. मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर १० व्होल्ट होतात, म्हणजे दिवा शंभर टक्के. ५० किलोओहम असेल तर ५ व्होल्ट, म्हणजे निम्मा. त्यामुळे १०० किलोओहमचा एक पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) हाही पूर्ण डिमरच आहे. रोज एकाच पातळीवर दिवा ठेवायचा असेल तर तोच लावा आणि मोकळे व्हा. दोन ड्रायव्हरच्या डिम वायरा समांतर जोडल्या तर करंट दुप्पट होतो, म्हणून रेझिस्टर ५० किलोओहम. चारांना २५.

रेझिस्टर आणि बाहेरून थेट दिलेले शून्य ते दहा व्होल्ट, या दोन मार्गांशिवाय तिसरा मार्ग पीडब्ल्यूएमचा, म्हणजे सिग्नल भराभर चालू-बंद करून त्यातला चालू वेळ कमी-जास्त करण्याचा. १० व्होल्टचा चौकोनी सिग्नल, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ. ड्रायव्हर त्याची सरासरी काढतो आणि एलईडीचा करंट डीसीमध्येच कमी-जास्त करतो, त्यामुळे पीडब्ल्यूएम वापरूनही दिवा लुकलुकत नाही आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे येत नाहीत. मायक्रोकंट्रोलरला हाच मार्ग सोयीचा.

सामान फार नाही. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा डेव्हलपमेंट बोर्ड, पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन सर्किटं विजेने न जोडता प्रकाशातून सिग्नल पोचवणारा भाग, पुढे नुसता ‘ऑप्टो’), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहम, १० किलोओहम आणि २.२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, ५ व्होल्टचा अडॅप्टर, डीएस३२३१ घड्याळ, तापमानासाठी डीएस१८बी२० आणि त्याला ४.७ किलोओहम, स्क्रू टर्मिनल.

जोडणी अशी. ३.३ व्होल्टपासून २.२ किलोओहम, तिथून ऑप्टोची पहिली पिन. ऑप्टोची दुसरी पिन बीसी५४७ च्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. बेसला १० किलोओहमने ३.३ व्होल्टशी बांधायचं आणि १ किलोओहममधून ईएसपी३२ ची २७ नंबरची पिन बेसलाच आणायची. पलीकडच्या बाजूला ऑप्टोची चौथी पिन डिम-प्लसला, तिसरी डिम-मायनसला. वायरींचे रंग मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून रंगावर न जाता ड्रायव्हरवरचं लेबल वाचा.

‘ऑप्टो थेट पिनवरून चालतो की, मध्ये ट्रान्झिस्टर कशाला?’ चालतो. पण ईएसपी३२ सुरू होताना पिन काही काळ मोकळी असते. थेट जोडणीत तेवढा वेळ ऑप्टो बंद, डिमची वायर मोकळी, आणि रात्री दोन वाजता वीज जाऊन आली की खोलीत भर दुपार. वरच्या जोडणीत पिन मोकळी असताना १० किलोओहम ट्रान्झिस्टरला चालू ठेवतो, ऑप्टो चालू राहतो, डिमच्या वायरा एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि दिवा किमान पातळीवर थांबतो. पिनची निवडही याच कारणासाठी जपून करा. ०, २, ५, १२ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना वेगळ्या कामाला जुंपलेल्या असतात, ३४ ते ३९ मधून आउटपुट निघतच नाही.

या जोडणीत सगळं उलटं चालतं. पिन हाय म्हणजे दिवा मंद. ७० टक्के उजेड हवा असेल तर ड्यूटी (पिन हाय असण्याचा वेळ) ३० टक्के लिहायची. हे उलटवणं प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये करा. दोन ठिकाणी केलंत तर उलट्याचं सुलट होऊन बसतं.

ऑप्टो वगळायचा मोह आवरा. एचएलजीच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की डिम-मायनस ही वायर आउटपुटच्या मायनसला जोडायची नाही. कंट्रोलरचं ग्राउंड कुठून तरी फिरून आउटपुटला लागलं, किंवा लॅपटॉपची यूएसबी केबल जोडली, की तेच होतं. परफबोर्डवर (सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डवर) ऑप्टोच्या दोन बाजूंच्या पायांमधले तांब्याचे ठिपके खरवडून टाका आणि त्याखालून कुठलीही वायर नेऊ नका. दोन बाजूंमधलं ते अंतर हेच खरं संरक्षण आहे. सोल्डरचा एक ओघळ ते संपवतो.

आता फ्रिक्वेन्सी. ३ किलोहर्ट्झपर्यंत चालतं म्हणून थेट ३ किलोहर्ट्झ लावणारे पुष्कळ, आणि मग दिवा सांगितल्यापेक्षा मंद का, हे त्यांना कळत नाही. कारणं दोन, आणि दोन्ही एकाच दिशेने ओढतात. पहिलं, पीसी८१७ बंद व्हायला आळशी. पलीकडून फक्त १०० मायक्रोअँपिअर येत असताना अलीकडच्या एलईडीत ५ किंवा १० मिलिअँपिअर घातले तर त्याचा ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चालू होतो आणि बंद व्हायला शंभरेक मायक्रोसेकंद सहज घेतो. म्हणून तर २२० किंवा ४७० ओहम न लावता २.२ किलोओहम लावला: करंट जेमतेम १ मिलिअँपिअर. दुसरं, वायरीची लांबी. केबलची कपॅसिटन्स मीटरमागे १०० पिकोफॅरड धरली तर १० मीटरला १ नॅनोफॅरड. तेवढी १०० मायक्रोअँपिअरने १० व्होल्टपर्यंत भरायला १०० मायक्रोसेकंद लागतात.

१ किलोहर्ट्झला एक आवर्तन १००० मायक्रोसेकंदांचं, त्यात १०० गेले म्हणजे दहा टक्के गायब. ३०० हर्ट्झला आवर्तन ३३३३ मायक्रोसेकंदांचं, तिथे तेच १०० म्हणजे तीन टक्के. म्हणून ३०० हर्ट्झ आणि १२ बिट. ४०९६ पायऱ्या मिळतात, सकाळचा उजेड हळूहळू वाढवायला त्या भरपूर झाल्या. आर्डुइनो ऊनो वापरत असाल तर त्याची बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवरची ४९० हर्ट्झही चालेल. फक्त ५ आणि ६ या पिना टाळा, तिथे ९८० असते. ऊनो ५ व्होल्टवर चालतो, तेव्हा २.२ च्या जागी ३.९ किलोओहम लावा आणि बेसचा १० किलोओहम ५ व्होल्टला बांधा.

उरलेली चूक मोजून काढायची. डिमच्या वायरा मोकळ्या ठेवून त्यांच्यातले व्होल्ट मोजा. १० पेक्षा जास्त निघाले तर दिवा शंभर टक्क्यांच्या बराच आधी पूर्ण पेटेल आणि वरचा भाग सपाट होईल. मग शून्यापासून शंभरपर्यंत दहा-दहा टक्क्यांनी जा, प्रत्येक पायरीवर एलईडीकडे जाणारा करंट डीसी क्लॅम्प मीटरने नोंदवा, ते अकरा आकडे प्रोग्रॅममध्ये टाका आणि मधल्या किमती सरळ रेषेने काढा. वॉटमीटरवर भागवलं तर खालच्या टोकाला ड्रायव्हरचा स्वतःचा खर्च आकड्यात मिसळतो.

आणि इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. घरातल्या दिव्यांच्या डिमरमध्ये गॅमाची वक्ररेषा घालतात, कारण डोळ्याला निम्मा प्रकाश निम्मा वाटत नाही. पानं फोटॉन मोजतात. त्यांच्यासाठी पन्नास टक्के म्हणजे जवळपास निम्मा करंट, मग खोली कितीही उजळ वाटो. दिव्यांच्या लायब्ररीतून उचललेल्या कोडमध्ये गॅमा असेल तर तो काढून टाका.

खरा हिशेब दिवसभराच्या फोटॉनचा. पीपीएफडी (एका चौरस मीटरवर सेकंदाला पडणारे रोपांच्या कामाचे फोटॉन, मायक्रोमोलमध्ये) गुणिले तास गुणिले ३६००, भागिले दहा लाख. पानांच्या पातळीवर २५० मायक्रोमोल असतील आणि दिवा १६ तास चालला तर दिवसाचे १४.४ मोल प्रति चौरस मीटर. तेवढेच १४ तासांत द्यायचे तर २८६ लागतील. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चढ-उतार ठेवला तर या १६ तासांतले जेमतेम तीन टक्के कमी होतात, काळजीचं कारण नाही. हे फोटॉन मोजणारा पीएआर मीटर नसेल आणि दिवा पांढऱ्या एलईडीचा असेल तर लक्सला ६५ ते ७० ने भागून कामापुरता अंदाज येतो. लाल-निळ्या दिव्याला हा भागाकार लावू नका, उत्तर साफ चुकतं.

खालच्या टोकाची अडचण वेगळी. एचएलजी १० टक्क्यांच्या खाली भरवशाने जात नाही आणि डिमिंगवर पूर्ण विझतही नाही. रात्री अंधार हवा तर मेन्स तोडावी लागते. इथे रिले (विजेने चालणारा स्विच) येतो आणि सुरुवातीच्या प्रश्नाचंही उत्तर घेऊन येतो. रिलेचा नॉर्मली ओपन (एरवी तुटलेला असणारा) संपर्क फेजमध्ये टाका. कंट्रोलरची वीज गेली की रिले सुटतो, दिवा विझतो आणि ‘वायर मोकळी म्हणजे पूर्ण उजेड’ हा धोका तेवढ्यापुरता मिटतो.

पण बोर्डावरचे छोटे निळे रिले या कामाचे नाहीत. ड्रायव्हर चालू होताना त्याचा आतला कपॅसिटर क्षणभर कित्येक दहा अँपिअर ओढतो, संपर्क वितळून चिकटतात आणि दिवा कायमचा चालू. डिमिंग आधी शून्यावर आणून मग रिले लावला की हे टळतं, असा समज आहे. टळत नाही, कपॅसिटरला डिमिंगचं काही कळत नाही. कॉन्टॅक्टर (जास्त करंटसाठीचा दणकट रिले) वापरा, किंवा शून्य व्होल्टवर चालू होणारा सॉलिड स्टेट रिले. हा दुसरा बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, हे धरून चाला. मेन्सचा भाग वेगळ्या बंद डब्यात, फ्यूज आणि अर्थिंगसह. त्यात सराव नसेल तर तेवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

तापमानाच्या कोडमध्ये एक सापळा आहे. हीटसिंकवर डीएस१८बी२० चिकटवतात आणि ‘६० अंशांच्या वर गेलं की उजेड कमी’ अशी ओळ लिहितात. सेन्सरची वायर तुटली की नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. उणे १२७ हे ६० पेक्षा कमीच, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी हीटसिंक गारठलेलं आणि दिवा जोरात. उलट वीज आल्याआल्या हाच सेन्सर ८५ सांगतो, तेही खोटं. तेव्हा उणे १२७ आलं की थेट किमान पातळी, आणि गरम असल्याचं सलग तीन वेळा दिसलं तरच उजेड कमी.

घड्याळासाठी नुसत्या वायफायवर विसंबू नका. वीज आल्यावर राउटरला ईएसपी३२ पेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ‘जोडलं जाईपर्यंत थांब’ असं लिहिलेला प्रोग्रॅम तिथेच खिळतो. डीएस३२३१ लावा, वायफाय मिळालं तर त्यावरून हे घड्याळ जुळवून घ्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या डीएस३२३१ च्या बोर्डावर बॅटरी चार्ज करणारा एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. तो चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. साधा सीआर२०३२ घालणार असाल तर तो रेझिस्टर काढून टाका. वर्ष १९७० किंवा २००० दिसलं तर वेळ माहीत नाही असं धरा आणि दिवा किमान पातळीवर ठेवा.

प्रोग्रॅम अडकला की बोर्ड आपोआप रीसेट करणारा वॉचडॉग टायमर हवाच, दहा सेकंद पुरेत. ईएसपी३२ चं पीडब्ल्यूएम हार्डवेअरमधून चालतं. प्रोग्रॅम मेला तरी शेवटची ड्यूटी चालूच राहते आणि बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही.

१२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या असतील तर हे सगळं नको, एक लॉजिक लेव्हल मॉसफेट (कमी व्होल्टवर उघडणारा, स्विचसारखा ट्रान्झिस्टर) पुरतो. आयआरएफ५४० त्यातला नाही, त्याला गेटवर १० व्होल्ट लागतात. आयआरएलझेड४४ ५ व्होल्टवर नीट चालतो, ३.३ वर अर्धवट उघडून तापतो. गेट ते ग्राउंड १० किलोओहम विसरू नका. मात्र हाच मॉसफेट कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच्या आउटपुटमध्ये घालू नका. तोडलं की ड्रायव्हर व्होल्टेज वर नेतो, आणि जोडलं की साठलेला चार्ज एलईडीत घुसतो.

सगळं जोडून झालं की रोपं ठेवण्याआधी एकेक गोष्ट उपटून बघा. कंट्रोलरचा अडॅप्टर काढा: दिवा विझला पाहिजे. रीसेट दाबा: रिले सुटून दिवा विझेल किंवा किमान पातळीवर राहील, क्षणभरही भडकता कामा नये. सेन्सर काढा: मंद. डिमची एक वायर काढा: पूर्ण पेटेल, आणि ते या सर्किटला कळणारही नाही. त्यासाठी ‘एबी’ प्रकारचा ड्रायव्हर मिळाला तर घ्या. त्यात डिमच्या वायरींसोबत आत करंटचा स्क्रूही असतो. रोपांना सोसेल तेवढ्यावर तो उतरवून ठेवा, आणि डिमच्या वायरी डब्यात शिरतात तिथे केबल ग्लँड लावून घट्ट आवळा.