चौकोनी डबा, गोल तोंड

चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ या यानाची गोष्ट मी नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगते. आम्ल आणि आम्लारी शिकवताना ती आपसूकच निघते, कारण त्या तिघा अंतराळवीरांचा जीव शेवटी एका आम्लारीवरच टांगलेला होता. यंदा गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरचा एक पोट्टा उभा राहिला. "मॅडम, तुम्ही सांगता तर सोपं वाटते. चिकटपट्टी लावली न् झालं. त्यात काय होतं एवढं?"

प्रश्न रास्त होता. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते तिघे घरी पोचले हे आधीच ठाऊक असतं, म्हणून सगळंच सोपं वाटतं. मी म्हटलं, शनिवारी करूनच बघू.

आमची शाळा नागपूरच्या महाल भागात. एप्रिल लागला की सकाळपाळी सुरू होते आणि नऊ वाजताच उन्हाचे चटके बसायला लागतात. वर्गाचे दोन गट केले. एक गट वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, म्हणजे यानात. दुसरा खाली वर्गात, म्हणजे जमिनीवर, नासाच्या ह्यूस्टनमधल्या नियंत्रण कक्षात. मधे दोन मोबाइल, स्पीकरवर ठेवलेले. फोटो पाठवायचा नाही, व्हिडिओ कॉल करायचा नाही, जिन्यानं वरखाली धावायचं नाही. दोन्हीकडे सामान अगदी सारखं: संत्रा बर्फीचा चौकोनी डबा, एक बरणी, सलाइनची नळी, प्लास्टिकच्या दोन पन्न्या, वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर, एक मोजा आणि चिकटपट्टी. खालच्यांनी आधी स्वतः बनवून पाहायचं, मग नुसतं बोलून वरच्यांकडून बनवून घ्यायचं.

खरी अडचण काय होती ते इथं नीट सांगायला हवं. ११ एप्रिल १९७० ला जिम लव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज चंद्राकडे निघाले. जवळपास ५६ तासांनी, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर असताना, ऑक्सिजनची एक टाकी फुटली आणि दुसरीही गळायला लागली. ओडिसी या मुख्य यानातली वीज आणि पाणी दोन्ही त्याच ऑक्सिजनवर तयार व्हायचं. ते बंद पाडून तिघं चंद्रावर उतरायच्या अक्वेरियस यानात गेले. ते यान दोन माणसांसाठी, जेमतेम दोन दिवस पुरेल असं बनवलेलं. आता त्यात तिघांना चार दिवस काढायचे होते.

इथं मुलं दरवेळी म्हणतात की ऑक्सिजन संपला असेल. ऑक्सिजन पुरेसा होता. जिवावर उठला होता तो त्यांचाच उच्छ्वास. बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साचत गेला की आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, मग बुद्धी चालेनाशी होते. तो शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइड या आम्लारीचे डबे होते. अक्वेरियसमधले डबे गोल, आणि ते पुरणार नव्हते. ओडिसीत भरपूर पडून होते, पण ते चौकोनी. एकाचा डबा दुसऱ्याच्या खाचेत बसेना. यानातल्याच वस्तू आणि चिकटपट्टी वापरून तो बसवायचा होता, आणि कसा ते ह्यूस्टननं नुसतं बोलून सांगायचं होतं.

लिथियम हायड्रॉक्साइड मी शाळेत आणणार नव्हते. धंतोलीत माझी एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या वेळी रोग्यानं सोडलेली हवा भूल देण्याच्या यंत्रात फिरवून पुन्हा त्यालाच दिली जाते, आणि मधे त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइमचे दाणे शोषून घेतात. अंतराळातलं आणि ऑपरेशन थिएटरमधलं रसायनशास्त्र एकच. तिनं थोडे दाणे दिले. पूड का नसते, दाणेच का, असं मी विचारलं तर म्हणाली, "पूड घट्ट बसते, हवा जातच नाही." त्वचेला लागले तर भाजतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून मीच डबे भरले. दाणे मोजकेच होते, दोन डब्यांत वाटले तर अर्धे-अर्धेच भरले. डब्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून आतून जाळीचं कापड लावलं.

परीक्षेसाठी चुन्याची निवळी. चौकातल्या पानठेल्यावरून चुना आणला, रात्रभर पाण्यात ठेवला, वरचं नितळ पाणी काढून घेतलं. आपल्या उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून निवळीत फुंकलं की ती लगेच दुधाळ होते. पन्नीत उच्छ्वास भरायचा, पन्नी हळूहळू दाबून ती हवा चौकोनी डब्यातून काढायची आणि बरणीच्या झाकणातल्या गोल भोकातून निवळीत सोडायची. निवळी नितळ राहिली तर यान वाचलं.

खालच्या गटानं जुगाड लवकर जमवलं. पुठ्ठ्याची कमान केली, म्हणजे वरची पन्नी आत चिकटून वाट बंद करणार नाही. नासाच्या एड स्मायली यांच्या चमूनंही पुठ्ठा त्याच कामाला लावला होता आणि हे मी मुलांना सांगितलेलं नव्हतं. त्यांची निवळी नितळ राहिली. टाळ्या पडल्या. "झालं मॅडम!" मी म्हटलं, "तुमचं झालं. वरच्यांचं?"

मग खरा गोंधळ सुरू झाला.

"पन्नी डाव्या बाजूनं लाव."

"कोणत्या डाव्या? माझ्या का डब्याच्या?"

"खिडकीकडच्या."

"इथं दोन्हीकडून खिडक्या आहेत बे!"

तेवढ्यात लाइन गेली. पंखे थांबले. घामेजलेल्या बोटांना चिकटपट्टी धरेना, दोन पोट्टे शर्टाला हात पुसून-पुसून पट्टी कापत होते. वरून आवाज आला, "मॅडम, हे तर होऊनच नाही राहिलं." खऱ्या यानातले ते तिघं मात्र थंडीनं गारठले होते. वीज वाचवायला जवळजवळ सगळं बंद केलं होतं आणि आतलं तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं होतं.

खाली फोनवर तिघं-चौघं एकाच वेळी ओरडत होते. आमच्या वर्गातली एक मुलगी, सक्करदऱ्याहून सायकलनं येते, तिनं सगळ्यांना गप्प केलं आणि फोन स्वतःकडे ओढला. ह्यूस्टनमध्येही यानाशी एका वेळी एकच माणूस बोलायचा आणि हा डबा बनवायच्या सूचना वाचून दाखवणारे जो केर्विन तर पेशानं डॉक्टर होते. ती बोलायला लागली.

"डब्यावर बर्फीचं चित्र आहे ना? ते तोंडासमोर धर. धरलं का? तू सांग, मी थांबून राहिली."

"हव, धरलं."

"आता चित्रात संत्र कोणत्या हाताकडं आहे तुह्या?"

"उजव्या."

"त्या बाजूच्या भोकावर पन्नी. लावली का? काय लावलं ते मले परत सांग."

प्रत्येक पायरीला उलट उत्तर घ्यायचं आणि ते जुळलं तरच पुढं जायचं, ही पद्धत तिला मी शिकवली नव्हती. विमानाचे पायलट आणि अंतराळवीर हेच करतात. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले आणि मला भरून आलं. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट किती वेळा सांगितली, पण तिच्यातला सगळ्यात अवघड तास हा बोलण्याचा होता, हे त्या खोलीत उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं.

वरचा डबा तयार झाला. पन्नी दाबली. आणि निवळी गढुळली. पूर्ण दुधाळ नाही, पण नितळही नाही.

वर्ग एकदम थंड पडला. तोच डबा, तेच दाणे, तीच पन्नी. गळती असेल म्हणून वरच्यांनी सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एकही नाही. खाली कोणीतरी म्हणालं, "दाणे खराब असतील." पण दोन्ही डब्यांतले दाणे एकाच पिशवीतले. बराच वेळ कोणालाच काही सुचेना. मला कारण दिसत होतं, कारण मी वरखाली फिरत होते. पण ह्यूस्टनला यान दिसत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

शेवटी त्याच मुलीनं विचारलं, "तुमचा डबा उभा आहे का आडवा?"

"आडवा. टेबलावर."

"आमचा उभा आहे!"

तिनं फळ्यावर दोन चौकोन काढले. डबा उभा असला की दाणे खाली बसतात आणि हवेला त्यांच्यातूनच जावं लागतं. आडवा असला की दाणे तळाशी पसरतात, वर रिकामी जागा राहते आणि हवा दाण्यांना न शिवता वरून सरळ निघून जाते. "मग उभा करा ना," सगळे म्हणाले.

तेव्हा वरून कमांडर बोलला. हाच तो मागच्या बाकावरचा पोट्टा, चिकटपट्टीवाला. "उभा करून काय फायदा? आम्ही अंतराळात आहोत. इथं वजनच नाही, तर उभं काय न् आडवं काय! दाणे तर तरंगून राहतील."

मी तर थक्कच झाले. त्याला डबा उभा करून मोकळं होता आलं असतं. निवळी नितळ झाली असती, सुटलो असतो. त्यानं ते नाकारलं. टेबलावर जमेल पण यानात जमणार नाही असं उत्तर त्याला नको होतं.

मग खाली-वर मिळून डोकं खाजवणं सुरू झालं. आता आरडाओरडा नव्हता, एक बोलला की दुसरा थांबायचा. दाणे चिकटवायचे का? मग हवा लागणार नाही. पुठ्ठ्याचा पडदा? कडेनं फट राहील. सामानातला मोजा अजून कोणीच वापरला नव्हता. मुलगी हळूच म्हणाली, "मोकळी जागाच नाही ठेवली तर? मोजा कोंबला, तर दाणे हलणार नाहीत, न् मोज्यातून हवा तर जातेच." अपोलोच्या मूळ जुगाडातही मोजा होता. मी यादीत तो टाकला होता एवढंच, त्याचं काय करायचं हे कोणाला सांगितलेलं नव्हतं.

कमांडरला हातमोजे घालायला लावून डबा उघडला. मोजा घट्ट बसवला, पुन्हा पट्टी. यावेळी त्यानं डबा हातात धरून आडवा, तिरका, उलटा असा फिरवत ठेवला आणि दुसऱ्यानं पन्नी दाबली. निवळीतून बुडबुडे येत राहिले. पन्नी रिकामी झाली तरी पाणी नितळ होतं. खात्रीसाठी एकानं परीक्षानळीत वेगळी निवळी घेऊन तिच्यात नुसतं फुंकलं, ती लगेच पांढरी झाली. बरणी आणि नळी शेजारी-शेजारी धरून पोरं जिन्यावरून ओरडत खाली आली.

त्या खऱ्या यानातही जुगाड बसवल्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा झपाट्यानं खाली आला. १७ एप्रिलला तिघं प्रशांत महासागरात उतरले.

घंटा व्हायला थोडा वेळ होता. कोणीतरी विचारलं, पण टाकी फुटलीच काऊन? मग तेही सांगितलं. टाकीतल्या हीटरचा स्विच २८ व्होल्टसाठी होता आणि प्रक्षेपणाच्या तळावरचा पुरवठा ६५ व्होल्टचा. मार्च १९७० मध्ये चाचणीनंतर टाकी रिकामी होईना, म्हणून हीटर कित्येक तास चालू ठेवला. स्विचचे संपर्क वितळून चिकटले. आत ५०० अंशांच्या वर तापमान गेलं, तारांवरचं आवरण जळालं. मापक तीस अंशांच्या आसपासच थांबायचा, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे १३ एप्रिलला टाकीतला पंखा सुरू केला आणि ठिणगी पडली.

"व्होल्ट बदलले हे स्विचवाल्यांना सांगितलंच नव्हतं का?" मुलीनं विचारलं.

"सांगितलं होतं. १९६५ मध्येच. स्विच बदलायचे राहिले आणि पुढच्या कोणत्याच तपासणीत ते सापडलं नाही."

"मंग परत विचारायचं ना, बदलले का म्हणून!" ती चिडलीच होती.

पृथ्वीवर उतरण्याआधी त्या तिघांना बंद पाडलेलं ओडिसी पुन्हा सुरू करावं लागलं होतं. पुढच्या शनिवारी आम्हाला तेच करायचं आहे. नियंत्रण कक्षातल्या जॉन आरन यांनी विजेचा एकेक अँपिअर मोजून जो क्रम बसवला आणि जमिनीवरच राहिलेले अंतराळवीर केन मॅटिंग्ली यांनी सिम्युलेटरमध्ये जो करून पाहिला, तो आम्ही एका बॅटरीवर, दिवे, मोटर आणि बझर जोडून करणार आहोत. बॅटरी कमांडर आणतोय, त्याच्या वडिलांचं इतवारीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे. फोनवर कोण बोलणार हे वर्गानं आत्ताच ठरवून टाकलंय.